विनाथांबा पाणी

पिंगळे मास्तर कुणाच्याही घरी गेले की आधी नळ बघतात, मग माणसं. चहाला नको म्हणतील, बसायलाही नको म्हणतील, पण मोरीत एकदा डोकावल्याशिवाय त्यांची भेट पुरी होत नाही. नळ टपकत असला तर घट्ट पिळतात. पिळूनही थांबला नाही, तर घरमालकाकडे असं बघतात की त्या बिचाऱ्याला आपण काहीतरी चोरलंय असं वाटू लागतं.

"ह्यो बघा, मागच्या दारानं उतरतोय," मास्तर म्हणतात. "बिनतिकिटाचा."

माझी आणि त्यांची ओळख एका बेसिनपाशी झाली. कर्जत-खोपोली रस्त्यावर एका ट्रस्टचं छोटं रुग्णालय आहे. तिथे मी डायलिसिस तंत्रज्ञ म्हणून काम करते. रुजू झाले त्याच आठवड्यात बाहेरच्या व्हरांड्यात आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघते तर एका रुग्णाचा जावई तोंडभर साबण लावून, डोळे मिटून, भिंत चाचपत होता. नळ त्याला सापडत होता, पण पाणी येत नव्हतं. कारण शेजारी खाकी शर्टातले एक उंच, वाळके गृहस्थ चावीवर हात ठेवून शांतपणे उभे होते.

"अहो, सोडा ना नळ! डोळे झोंबतायत!"

"सोडतो की. पयला साबण लावून घ्या नीट. उभ्या गाडीत डिझेल कशाला जाळायचं?"

मी जावयाला सोडवलं. मास्तरांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "तुमी नवीन का, मॅडम? मग आतमध्ये त्या मशीनला पाणी किती लागतं त्ये सांगा जरा. इथं कुणी नीट उत्तर देत नाय."

मास्तर एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तर म्हणायची रीत आहे, आणि निवृत्त झाल्यावरही ती पदवी कुणी काढून घेत नाही. त्यांची नोकरी बहुतेक कर्जतच्या आसपासच्या गाड्यांवर गेली. गाडी सुटली, पण तोंडातली भाषा काही सुटली नाही. गर्दीत "पुढं सरका, मागं दुनिया उभी हाय" म्हणतात. जेवायला बसलेल्याला "बसून घ्या" म्हणतात. रुग्णालयाची लिफ्ट बंद पडली तेव्हा पायऱ्यांवर उभे राहून त्यांनी सगळ्यांना "गाडी फेल हाय, मागच्या गाडीनं या" असं सांगितलं होतं.

त्यांची पत्नी सुमनकाकी आमच्याकडे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतात. शिळफाट्याला घर, माहेर कोंडाणे. बाई अगदी कमी बोलतात. हॉलमध्ये कोंडाण्याकडचं कुणी आलं तर मात्र मान वळवून गावच्या ओढ्याबद्दल एकच प्रश्न विचारतात, "व्हाळाला पाणी हाय का गं अजून?" आणि उत्तर ऐकलं की पुन्हा छताकडे बघत पडून राहतात.

मास्तर त्यांच्याबरोबर येतात, त्यांना पलंगावर बसवतात, चपला पलंगाखाली जोडीनं लावतात. सुया लावून झाल्या, रक्त नळ्यांतून फिरू लागलं, की उजव्या हाताच्या बोटातली लोखंडी अंगठी पलंगाच्या दांड्यावर दोनदा आपटतात. टण्, टण्. डबल बेल. गाडी सुटली.

सुरुवातीला मला हे विचित्र वाटलं. पण हळूहळू इतर रुग्णही त्याची वाट बघू लागले. "मास्तर, आमची बी सोडा," म्हणून पलीकडच्या पलंगावरून हाक यायची आणि मास्तर रांगेनं डबल बेल देत जायचे. एकदा एका म्हाताऱ्याने गंमत म्हणून विचारलं, "अहो, गाडी थांबवायची झाली तर सिंगल बेल देत असाल?" मास्तरांचा चेहरा एकदम उतरला. "ह्या खोलीत सिंगल बेल देत नसतात, बाबा," ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

बाहेर म्हणजे मागच्या पायरीवर. काकींचे चार तास संपेपर्यंत ती त्यांची जागा. तिथे भिंतीतून दोन पाइप बाहेर येतात आणि गटारात पडतात. मास्तर त्या पाण्याच्या आवाजाने अस्वस्थ व्हायचे. दर थोड्या वेळाने खिडकीशी यायचे.

"मॅडम, अजून पडतंय."

"पडणारच, मास्तर."

"पण किती येळ?"

डायलिसिस म्हणजे काय, असं गावी कुणी विचारलं की मी सांगते, थकलेल्या मूत्रपिंडाचं काम यंत्र करतं. रक्त बाहेर घेतं, गाळतं, परत शरीरात सोडतं. त्या गाळण्याला पाणी लागतं आणि साधं पाणी चालत नाही. आधी ते एका मोठ्या फिल्टरमधून जातं. हा फिल्टर फार नखरेल असतो. आत आलेल्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास तो नाकारतो, आणि नाकारलेलं सगळं गटारात. गंमत अशी की ज्याच्यासाठी एवढं पाणी वाहतं, त्या पलंगावरच्या माणसाला मात्र दिवसभरात मोजून प्यायची परवानगी. काकींच्या पिशवीत एक छोटी स्टीलची वाटी असायची. त्या वाटीतून त्या पाणी पीत नसत, नुसतं जिभेला लावत.

हे सगळं मी मास्तरांना एकदा सांगितलं. पण मी घाईत होते, अर्धवट सांगितलं. त्यातून पुढचा घोटाळा झाला.

काही दिवसांनी मागच्या पायरीजवळ एक निळा ड्रम दिसू लागला. रसायनीहून आणलेला.

"मास्तर, यात आधी काय होतं?"

"व्हतं कायतरी. आता पानी हाय."

माझे वडील रसायनीच्या कारखान्यात कंत्राटी कामाला होते. असल्या ड्रमांत काय काय असतं ते मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी तो ड्रम बदलायला लावला. मास्तरांनी कुरकुर न करता एका खानावळीतून तेलाचं मोठं पिंप आणलं. मला वाटलं, मिटलं. पण पिंप कोणत्या पाइपाखाली ठेवलंय, हे मी पाहिलंच नाही.

दोन पाइपांपैकी एक फिल्टरचा होता, म्हणजे नाकारलेल्या पाण्याचा. दुसरा होता थेट यंत्रांचा, म्हणजे रुग्णांचं रक्त गाळून झाल्यावर वाहून जाणाऱ्या पाण्याचा. मास्तरांनी दोन्हींखाली हात धरून बघितला आणि दुसरा निवडला. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "त्ये कोमट व्हतं. मला वाटलं, चांगलं पानी हाय म्हणून गरम करून सोडलंय. थंड पानी कोण गरम करतं फुकट?"

त्या कोमट पाण्यानं त्यांनी आमचे व्यवस्थापक परांजपे सर यांची जास्वंद शिंपली. आवारातलं ते एकच झाड. रोज सकाळी त्याचं लाल फूल ऑफिसमधल्या गणपतीला जायचं. आधी पानांच्या कडा करपल्या. मग कळ्या गळू लागल्या. परांजपे सरांनी खत बदललं, औषध मारलं, माळी बोलावला. शेवटी एका दुपारी त्यांना मास्तर बादली घेऊन झाडाकडे येताना दिसले.

"मास्तर, हे पाणी कुठलं?"

"मागलं. वाया जात व्हतं."

परांजपे सर तसे मृदू माणूस. पण त्या दिवशी त्यांचा आवाज थेट हॉलपर्यंत आला. "अहो, ते रुग्णांच्या रक्तातली घाण घेऊन आलेलं पाणी आहे! आणि रोज मी ते फूल गणपतीला वाहतोय!"

मास्तर बादली हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी ती तिथेच ठेवली आणि पायरीवर जाऊन बसले. त्या दिवशी काकींच्या पलंगाला डबल बेल मिळाली नाही. काकींनी स्वतःच बोटाच्या पेरानं दांड्यावर दोनदा वाजवलं, अगदी हळू.

मला वाईट वाटलं, कारण निम्मी चूक माझ्या घाईची होती. पुढच्या खेपेला मी मास्तरांना फिल्टरच्या खोलीत घेऊन गेले. चपला काढून, हात पाठीमागे बांधून, देवळात आल्यासारखे ते आत आले. मी एकेक नळी बोटानं दाखवली. इथून बोअरचं पाणी येतं. इथे ते पडद्यावर दाबलं जातं. पडद्यातून पार झालेलं पाणी यंत्राकडे जातं. पार न झालेलं इथून वळून थेट बाहेर. यंत्राशी त्याचा संबंध नाही, रुग्णाशी नाही. बोअरमध्ये होते तेच क्षार, फक्त जरा जास्त.

मास्तर त्या वळणाच्या पाइपापाशी वाकले. मग म्हणाले, "म्हंजी ह्यो पॅसेंजर गाडीत चढलाच नाय?"

"नाही."

"दारातनंच परत?"

"हो."

"आणि आमी त्याला बी गटारात ढकलतो." त्यांनी मान हलवली. "गाडीत जागा नव्हती ह्यो काय त्याचा गुन्हा हाय व्हय गं?"

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी मी 'मॅडम'ची 'पोरी' झाले.

एप्रिल सरला. ज्या तालुक्यात पावसाळ्यात दारातल्या चपला वाहून जातात, तिथेच उन्हाळ्यात बोअर कोरडी खाकरते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. आमची बोअर खाली गेली. टँकर कधी यायचा, कधी नाही. परांजपे सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळची पाळी बंद. त्या पाळीच्या रुग्णांना दुसऱ्या पाळ्यांत बसवू, पण आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच.

सुमनकाकी संध्याकाळच्या पाळीत होत्या. एक खेप चुकली की त्यांच्या पायावर सूज येते आणि झोपताना दम लागतो, हे मला ठाऊक होतं. मास्तरांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मग त्यांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

"सायेब, एक इचारू? संडासात कुठलं पानी?"

"बोअरचंच."

"लादी पुसायला?"

"तेच."

"चादरी धुवायला?"

"मास्तर, सगळं एकाच टाकीतलं आहे."

"मग मशीनचं पानी आपणच संडासात वततोय की. परत फिरलेल्या पॅसेंजरला तिकडं पाठवा. बोअर मशीनला ठेवा."

परांजपे सरांनी आधी जास्वंदीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले. मी म्हटलं, सर, या वेळी मास्तर बरोबर पाइपाबद्दल बोलतायत. डॉक्टरांनाही विचारलं. त्यांनी पाणी तपासून घ्यायला सांगितलं, आणि तपासून आल्यावर हरकत नाही म्हणाले. मागे एक जुनी काळी टाकी पडून होती. ती धुऊन फिल्टरच्या पाइपाखाली लावली, तिला नळ बसवला. एवढं सोपं होतं.

पण त्या पाण्याला कुणी हात लावेना.

जास्वंदीच्या प्रकरणानंतर मागच्या भिंतीतून येणाऱ्या सगळ्याच पाण्याला लोक किडनीचं पाणी म्हणू लागले होते. सफाईचं काम बघणाऱ्या नंदामावशींनी तर बादली आपटली. "मी नाय त्या पान्यात हात घालायची. घरी नातवंडं हायत माझी. तुमी शिकलेल्या बायका, तुमाला काय व्हतंय?"

मी सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत बसवून समजावलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. खालापूरच्या शाळेतल्या बाई घरी येऊन वडिलांना सांगून गेल्या होत्या, हिला थांबवू नका. त्यामुळे शिकलेलं कुणाला तरी सांगायची संधी मिळाली की माझा आवाज आपोआप चढतो. मी फळ्यावर पडदा काढला, बाण काढले, लाल आणि निळ्या खडूनं पाइप काढले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुपारी बादल्या पुन्हा जुन्याच नळाखाली.

माझा राग मावशींवर नव्हता. पाणी कुणाच्या जवळून गेलं म्हणून ते बाटलं, ही समजूत किती चिवट असते, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आजीनं त्या चिवटपणाखाली उभं आयुष्य काढलं. खडूच्या बाणांनी ती समजूत जाणार नव्हती.

मास्तर माझं व्याख्यान दारात उभे राहून ऐकत होते. जाताना म्हणाले, "पोरी, चांगलं सांगितलंस. पन गाडीला पाटी नसली तर पॅसेंजर चढत नाय."

दुसऱ्या दिवशी ते एक पत्र्याची पाटी घेऊन आले. पांढऱ्या रंगावर लाल अक्षरं, अगदी एसटीच्या पाटीसारखी. टाकीच्या पोटावर त्यांनी ती तारेनं बांधली.

बोअर ते संडास
मार्गे लादी, चादरी
विनाथांबा
(किडनी येथे थांबणार नाही)

पाटी बघायला आधी वॉर्डबॉय आले, मग नर्स, मग रुग्णांचे नातेवाईक. हसून हसून एकेकाची पुरेवाट झाली. परांजपे सरसुद्धा चष्मा पुसत आत गेले. मास्तर मात्र हसत नव्हते. खाकी शर्टाच्या बाह्या वर करून, टाकीच्या नळावर बादली भरून त्यांनी संडास धुवायला घेतले. वाटेत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "बसून घ्या, बसून घ्या, डायरेक्ट गाडी हाय."

मावशी लांब उभ्या राहून बघत होत्या. "ह्या म्हाताऱ्याला येड लागलंय."

एवढ्यात सुमनकाकी हळूहळू चालत बाहेर आल्या. त्यांची वेळ व्हायची होती. त्यांनी अंगावरच्या साडीचा पदर मावशींपुढे धरला. "नंदे, ह्ये काल त्याच पान्यात धुतलंय गं. ह्यांनीच धुतलं, त्या दगडावर. मला नेसाया चालतं, तर तुला पुसाया का नाय?"

काकींना एवढं लांब वाक्य बोलताना मी प्रथमच ऐकलं. मावशींनी पदर चिमटीत धरला, उलटा केला, वास घेतला. मग बादली उचलली.

संध्याकाळी त्या माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "तुमच्या त्या पान्यात फेस येत नाय. साबण डबल लागतो."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. क्षारांच्या पाण्यात फेस कमी येतो, हे खरं आहे. पण माणूस फेसाची तक्रार करू लागला, म्हणजे त्याची भीती गेली. मी पाळीची यादी घेऊन परांजपे सरांकडे धावले. बोअर मशीनसाठी राखून, टँकर आला तर आला अशा बेतानं आम्ही एकेक आठवडा ढकलला. संध्याकाळची पाळी चालू राहिली. काकींची एकही खेप चुकली नाही.

मास्तरांचा दरारा त्या महिन्यात शिगेला पोचला. टाकीच्या नळावर त्यांचा सतत पहारा असे. कुणी बादली काठोकाठ भरून सांडत नेली तर ओरडायचे, "ओव्हरलोड! ओव्हरलोड!" एकदा परांजपे सर जास्वंदीला झारीनं तेच पाणी घालत होते. जास्वंदीनं नवी पानं धरली होती. तर मास्तरांनी येऊन झारी तपासली. "बास, सायेब. उभ्यानं किती पॅसेंजर घेणार?"

मे महिन्याचा शेवट असेल. संध्याकाळची पाळी आटोपली होती, अजून बाहेर उजेड होता. काकींच्या सुया काढून, पट्टी बांधून मी त्यांना मास्तरांच्या हवाली केलं होतं. यंत्रं पुसत असताना मागून नळाचा आवाज आला. टपकण्याचा नव्हे, पूर्ण सोडलेल्या नळाचा. कुणीतरी उघडा टाकून गेलं असणार. मास्तरांनी पाहिलं तर त्या माणसाची खैर नव्हती, म्हणून मीच बंद करायला धावले.

काकी पायरीवर बसल्या होत्या. साडी घोट्यांच्या वर धरली होती आणि टाकीचा नळ त्यांच्या पावलांवर धो धो पडत होता. पाणी बोटांमधून फुटून दगडावरून वाहत जास्वंदीच्या आळ्याकडे चाललं होतं. काकींचे डोळे मिटलेले होते. मास्तर शेजारी उकिडवे बसले होते. त्यांच्या हातात काकींच्या चपला होत्या, भिजू नयेत म्हणून छातीशी धरलेल्या.

मला बघून ते ओशाळले. मग अगदी हळू बोलले. मास्तर हळूही बोलू शकतात, हे मला तेव्हाच कळलं.

"कोंडाण्याला हिच्या घरामागं व्हाळ व्हता गं. शाळा सुटली की पाय सोडून बसायची त्याच्यात. मी बघाया गेलो, तवा बी तिथंच बसली व्हती." ते काकींच्या पावलांकडे बघत राहिले. "आता घशाला चालत नाय तिला. पायाला तरी."

टाकी मघापर्यंत काठोकाठ भरलेली होती. पण आता पाणी आतल्या ओल्या रेषेच्या खाली उतरत चाललं होतं, तेही दिसत होतं. मी सवयीनं विचारलं, "मास्तर, नळ करू बंद?"

त्यांनी काकींकडे पाहिलं. काकींनी डोळे उघडले नाहीत, फक्त पावलं थोडी पुढे सरकवली, धारेच्या आणखी खाली.

मास्तरांचा हात टाकीच्या लोखंडी पाइपाकडे गेला. मी थांबले.

अंगठी दोनदा वाजली.